शिकायचं कोणी?

आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत यंदा तरुण संघातल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, की कापणीच्या सणाच्या लिलावात जमलेले पैसे कशावर खर्च झाले? उत्तर मिळालं, "आधी नम्र व्हायला शिका, मग प्रश्न विचारा." उत्तर देणारे पंच वयानं मोठे, मंडळीसाठी झिजलेले. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण मुलगी खाली बसली आणि सभेपुढे दुसरा विषय आला.

लेंटच्या अभ्यासवर्गासाठी 'शिकणारं अंतःकरण' हा विषय त्याआधीच ठरला होता. तो मांडायचं काम दोघांकडे होतं. एक आमचे निवृत्त पाळकसाहेब. दुसऱ्या, हायस्कूलमध्ये मराठी शिकवणाऱ्या आणि रविवारी शब्बाथ शाळा घेणाऱ्या बाई. दोघं तयारीला बसले आणि तयारी बाजूला राहिली. मी टिपणं घेत होतो. पुढचं सगळं त्या टिपणांतलं आहे. मध्ये माझी लुडबुड आहे, ती ओळखू येईल.

पाळकसाहेब : सभेतलं ते उत्तर मला आवडलं नाही, बाई. पण त्यामागचं दुखणं खरं आहे. हल्ली कोणाला चार शब्द सांगायची सोय राहिलेली नाही. पोरं रात्री मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतले प्रचारक ऐकतात आणि रविवारी आपल्या पाळकाच्या चुका काढतात. शास्त्र वाचलेलं नसतं, मत मात्र तयार असतं.

बाई : मोबाइलवर का होईना, ऐकतात ना? म्हणजे ऐकायची तयारी आहे.

पाळकसाहेब : तिथे ऐकायला काय लागतं? पटलं नाही की अंगठ्यानं पुढे सरकवायचं. तो प्रचारक काही घरी येऊन विचारणार नाही, की बाबा रे, तू बायकोशी असा का बोलतोस. ज्याला आपलं घर माहीत आहे त्याच्याकडून ऐकून घेणं, त्याला मी शिकणं म्हणतो. म्हणून वर्गात मी अपुल्लोस घेणार आहे. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय. आलेक्सांद्रियाचा माणूस, वक्ता, शास्त्रात मुरलेला. इफिसच्या सभास्थानात बोलायला उभा राहिला की लोक ऐकत राहायचे. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, पुढचं नाही. तंबू शिवून पोट भरणाऱ्या अक्विला आणि प्रिस्किल्लानं त्याला आपल्याकडे नेलं आणि नीट समजावून सांगितलं. एवढा मोठा विद्वान, पण तो रागावला असं लूक कुठे लिहीत नाही. पुढे तो अखयात गेला आणि तिथल्या लोकांच्या फार उपयोगी पडला. पोरांना मी हेच सांगणार, अपुल्लोसासारखे व्हा.

बाई : पोरांना का?

पाळकसाहेब : म्हणजे?

बाई : साहेब, त्या गोष्टीत व्यासपीठावर कोण आहे? अपुल्लोस. बाकावर कोण आहे? तंबू शिवणारी दोघं, त्यांतली एक बाई. चूक व्यासपीठावर झाली आणि ती बाकावरच्यांनी दाखवली. ही गोष्ट आपण नेहमी उलटीकडून सांगतो. अपुल्लोस व्हायचं तर ते पाळकांनी व्हायचं, पंचांनी व्हायचं, शब्बाथ शाळेत मी व्हायचं. आपल्याकडे प्रिस्किल्ला सभेत उठली, तर तिला म्हणालो, आधी नम्र हो.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. टिपणवहीत काहीतरी खोडलं. पण हार मानणाऱ्यांतले ते नव्हेत.

पाळकसाहेब : कबूल. आता माझंही ऐका. प्रिस्किल्लानं भर सभेत उठून 'हा माणूस अर्धवट आहे' असं म्हटलं नाही. तिनं त्याला बाजूला नेलं. आधी त्याचं सगळं ऐकलं, मग सांगितलं. बिरुयाच्या लोकांचंही तसंच. पौल सांगतो ते खरं आहे का, हे रोज शास्त्रात शोधून पाहणारे म्हणून सगळे त्यांचा दाखला देतात, पाळकाची परीक्षा घ्यायची असली की हमखास देतात. पण त्याच वचनात आधी लिहिलंय, की त्यांनी वचन मोठ्या उत्सुकतेनं स्वीकारलं. स्वीकारलं आणि मग तपासलं. आमची पोरं तपासणी उरकूनच येतात, स्वीकारायला जागाच ठेवत नाहीत.

बाई : चुकीची शिकवण असेल तर बाजूला नेऊन सांगावं, हे मान्य. पण पैसे मंडळीचे आहेत. मंडळीच्या पैशाचा प्रश्न मंडळीतच विचारायचा. त्यात बाजूला नेण्यासारखं काय आहे?

(इथे मला बाईंचं पटलं. साहेबांनाही पटलं असावं, कारण ते विषय सोडून रहबामाकडे वळले.)

पाळकसाहेब : शलमोन गेल्यावर त्याचा मुलगा रहबाम गादीवर आला. वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, तो त्यानं टाकला. बरोबर वाढलेल्या तरुणांचा सल्ला घेतला. परिणाम काय? दहा वंश फुटून गेले, राज्य दुभंगलं. वडीलधाऱ्यांकडून न शिकण्याची किंमत यापेक्षा मोठी कुठली दाखवू?

बाई : वडीलधाऱ्यांचा सल्ला काय होता, तेही वर्गाला सांगाल ना?

पाळकसाहेब : होता... की आज या लोकांचा सेवक हो.

बाई : बघा! शलमोनाच्या वेठीनं पिचलेले लोक शखेमात आले होते. आमच्यावरचं जू हलकं कर, एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हातारे म्हणाले, तू वाक, त्यांच्याशी गोड बोल. तरुण म्हणाले, दरडाव, जू आणखी जड कर. रहबाम चुकला तो तरुणांचं ऐकून नव्हे. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसांना त्यानं दरडावलं, तिथे चुकला. म्हाताऱ्यांनी सांगितलेली नम्रता राजासाठी होती, प्रजेसाठी नव्हती.

पाळकसाहेब : (हसून) तुमच्या वर्गातल्या मुलांची मला दया येते.

आता या वादात पंडिता रमाबाई येणार हे मला दिसत होतंच. मराठी ख्रिस्ती माणसं नम्रतेवर बोलायला बसली की आज ना उद्या केडगावला पोचतात. बाईंनी सुरुवात मात्र इंग्लंडपासून केली.

बाई : 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या बाईला 'सरस्वती' ही पदवी दिली, तिनं 1883 मध्ये वाँटेजला लेकीसह बाप्तिस्मा घेतला. आणि लगेच प्रश्न सुरू केले. त्रैक्याबद्दल, अथनेशियसच्या मतांगीकाराबद्दल. आपल्याला सदसद्विवेक आहे आणि आपण तो कोणाच्या हवाली करणार नाही, हे त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनना पत्रांतून परोपरीनं कळवलं. त्या पत्रांत सिस्टरचा सूर काय आहे? ही बाई गर्विष्ठ आहे, हिला वळण लावायला हवं. रमाबाई शाकाहारी राहिल्या, तर तोही जातीचा अहंकार ठरला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी कल्पना निघाली, तर हिंदुस्थानातले बिशप विरोधाला उभे राहिले, कारण पुरुषांना शिकवून बाई डोक्यावर बसेल. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्यासारख्या एखाद-दुसऱ्या व्यक्तीनं समजून घेतलं. बाकी सगळ्यांचा धडा एकच, रमाबाई, शिकायला शिका. त्यांनी तो ऐकला असता तर 1889 ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं असतं का?

पाळकसाहेब : उघडलं नसतं, हे मी आधीच मान्य करतो. सिस्टर जेराल्डीनना राणीच्या राज्यात आणि देवाच्या राज्यात फरक करता आला नाही. पण बाई, तुम्ही रमाबाईंची गोष्ट 1889 ला थांबवता. त्यांनी स्वतः कुठे थांबवली? 1907 ची त्यांची साक्ष वाचा. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे कोण लिहितंय? बिशपांशी वाद घालून कधी न हरलेली बाई. वादात जिंकणं आणि देवासमोर रिकामं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच माझं म्हणणं. शाकाहाराबद्दल सिस्टर चुकल्या असतील, पण अहंकार रमाबाईंत कणभरही नव्हता असं रमाबाई स्वतःही म्हणाल्या नसत्या.

बाई : आणि ते त्यांना कोणामुळे कळलं?

पाळकसाहेब : एका पुस्तकामुळे. विल्यम हॅसलॅम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन. (इथे साहेब थांबले. मला वाटतं, पुढचं वाक्य कुठे जाणार हे त्यांच्या लक्षात आलं होतं. तरी त्यांनी ते पूर्ण केलं, हा त्यांचा मोठेपणा.) हे हॅसलॅम कॉर्नवॉलमध्ये एका चर्चचे पाळक होते. देऊळ बांधलं, उपासना चालवली, सगळं रीतसर. आणि 1851 मध्ये एका रविवारी उपदेश करता करता त्यांच्या ध्यानात आलं, की आपण जे सांगतोय ते आपल्यालाच झालेलं नाही. तिथेच, व्यासपीठावर, त्यांचं परिवर्तन झालं. आणि पहिल्यांदा ओळखलं कोणी, तर बाकावर बसलेल्या एका साध्या गावप्रचारकानं. तो ओरडून उठला, पाळकाचं परिवर्तन झालं म्हणून.

बाई : पाळकाचं.

पाळकसाहेब : हो, पाळकाचं. तुमच्याच पारड्यात पडलं. पण तुम्हीही बघा, रमाबाईंना ते पुस्तक लागू पडलं, कारण त्यांनी ते पाळकांवरची टीका म्हणून वाचलं नाही. 'हे माझं आहे' असं वाचलं. तुम्ही आत्ता ते माझ्यावरची टीका म्हणून ऐकलंत.

हा टोला बाईंना लागला. आतापर्यंत त्या प्रत्येक मुद्द्याला लगेच उत्तर देत होत्या, इथे दिलं नाही. माझ्या मते साहेबांचं यातलं सगळ्यात खरं बोलणं हेच होतं. वर बसलेल्यांना शिकवताना माणूस स्वतः शिकायचं विसरतो, आणि ते न्यायाच्या नावाखाली घडतं म्हणून लवकर दिसत नाही.

बाई : ठीक आहे, घेते. पण त्यानंतरच्या रमाबाईंकडे बघा. बिशपांना शरण गेल्या का? नाही. दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. 1905 च्या जूनमध्ये तिथे जागृती झाली ती कोणात? दुष्काळातून वाचलेल्या पोरींत. रडणं, मोठ्यानं प्रार्थना, रात्ररात्र झोप नाही. बाहेरचे लोक भलतंसलतं बोलत होते. हे वेडेपण आहे म्हणून ते बंद करणं पंडिताबाईंना सोपं होतं. त्यांनी बंद केलं नाही.

पाळकसाहेब : तसल्या गोष्टींत सगळंच सोनं नसतं, हं. मी भावनेचे पूर पाहिलेत, ओसरल्यावर नुसता चिखल राहतो.

बाई : म्हणूनच तर त्यांनी दुसरीकडे ग्रीक आणि हिब्रू शिकायला घेतलं! चाळिशी उलटलेली. अख्खं शास्त्र मराठीत करायचं, आणि तेही पंडितांच्या मराठीत नाही, त्या पोरींना कळेल अशा मराठीत. खिळे जुळवायला, छापायला मुक्तीतल्याच बायका. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. भाषांतर पूर्ण करून गेल्या. 1924 ला ते छापून बाहेर आलं. 'सरस्वती'ला या पोरींपुरती भाषा नव्यानं शिकावी लागली. मी याला शिकणारं अंतःकरण म्हणते. वरच्यांपुढे वाकणं सगळ्यांनाच जमतं, त्यात पगार असतो, शिफारसपत्र असतं.

कवी नारायण वामन टिळकांचाही विषय निघाला, पण थोडक्यात आटपला. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून रेव्हरंड टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळेच. साहेबांच्या मते यात थोडा हट्ट होता. बाईंच्या मते, तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलो हे न लपवणारा ब्राह्मण कवी हट्टी असूच शकत नाही. माझ्या मते माणूस हट्टी आणि शिकाऊ दोन्ही असू शकतो. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई घ्या. नवऱ्यानं 1895 ला बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. सोवळंओवळं स्वतःच्या मनानं सुटेपर्यंत थांबल्या आणि मग 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या विश्वासाला पुढे कोणी उसना म्हणू शकलं नाही.

पण वादाचं मूळ टिळकांत नव्हतं. ते बाईंनी शेवटी बाहेर काढलं.

बाई : साहेब, एक सांगते, राग मानू नका. माझे पणजोबा महारवाड्यातले. पाटलासमोर 'जोहार मायबाप' म्हणून मान खाली घालायची, चावडीच्या पायरीवर चढायचं नाही. अशी पिढ्यान् पिढ्या आम्हाला नम्रता शिकवली गेली. नगर जिल्ह्यात आपल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यातून मान वर करता यावी म्हणूनही घेतला. आता त्याच लोकांच्या पणतीला मंडळीत कोणी 'नम्र हो' म्हणालं, की मला पवित्र शास्त्र ऐकू येत नाही. चावडी ऐकू येते.

पाळकसाहेब : राग कशाचा? माझे आजोबा मांगवाड्यातले. वाजंत्री होते. लग्नात सगळ्यांच्या पुढे वाजवायचं आणि जेवायला सगळ्यांच्या मागे, उकिरड्याजवळ. मला सांगू नका चावडी काय असते.

बाई : मग तरीही तुम्ही...

पाळकसाहेब : तरीही. कारण योहानाचा तेरावा अध्याय माझ्या अडचणीला आला. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, हे सगळे सांगतात. त्याआधीचं वाक्य कोणी सांगत नाही. पित्यानं सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जातोय, हे त्याला ठाऊक होतं, आणि मग तो उठला, वस्त्र उतरवलं, रुमाल कमरेला बांधला. आधी स्वतःची किंमत माहीत, मग वाकणं. माझे आजोबा वाकत होते ती नम्रता नव्हती, ते वाकवलेले होते. ज्याला आपली किंमत कळलेली नाही त्याला नम्र हो म्हणणं म्हणजे त्याला आणखी वाकवणं. आधी त्याला सांगा, तू देवाकडून आलास. मग तो आपण होऊन वाकेल किंवा वाकणार नाही, ते त्याचं आणि देवाचं.

बाई : हे तुम्ही सभेत का नाही बोललात?

पाळकसाहेब : निवृत्त माणसानं पंचांच्या कामात तोंड घालू नये, असा संकेत आहे.

बाई : तोही चावडीचाच संकेत.

पाळकसाहेब : असेल. पण त्याच अध्यायात पेत्र आहे, त्यालाही सोडू नका. माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीत, म्हणाला. ऐकायला किती नम्र वाटतं! खरं तर त्याला दुसऱ्याकडून घेता येत नव्हतं. आपल्या तरुणांत असे पुष्कळ आहेत, म्हाताऱ्यांकडून काही घ्यायचंच नाही. अन्यायाची आठवण खरी असते, आणि तीच माणसाला बंद करूनही टाकते. तुम्ही पोरांना वर मान करायला शिकवा, मी आडवा येणार नाही. पण पाय पुढे करायलाही शिकवा.

बाईंनी हे लिहून घेतलं. कसोटी काय ठेवायची यावर दोघांचं अखेरपर्यंत जमलं नाही. साहेब म्हणाले, प्रत्येकानं स्वतःला विचारावं, की मला 'तू चुकलास' म्हणायचं धाडस असलेलं माणूस माझ्या घरात, माझ्या मंडळीत कोण आहे? नाव सापडलं नाही तर समजावं, आपण सगळ्यांना गप्प केलंय. बाईंना ही कसोटी अपुरी वाटते. त्या म्हणतात, मनाची परीक्षा मनच घेणार असेल तर ते स्वतःला पासच करणार, तेव्हा बाहेरून दिसेल असं काहीतरी हवं. प्रश्नाला उत्तर मिळालं का, हिशेब फलकावर लागला का, चूक कबूल झाली तेव्हा ती कबूल करणाऱ्याचं पद काय होतं.

मला विचाराल तर या वादात बाई बऱ्याच पुढे आहेत. पवित्र शास्त्रातले दाखले त्यांच्या बाजूनं बोलतात. रहबामाचा तर साहेबांनीच आणून दिला. ज्याच्या हाती किल्ल्या आहेत त्यानं आधी शिकायचं, हा क्रम मला पटतो. साहेबांची बाजू मात्र मी टाकून देणार नाही. बाई जिंकत होत्या तेव्हा त्यांना एकदा गप्प बसावं लागलं ते साहेबांमुळे, आणि ते त्यांच्या भल्याचं होतं.

तेव्हा आमच्यासारख्याच एखाद्या मंडळीत हा विषय लेंटमध्ये अभ्यासाला घेणार असाल, तर एक विनंती आहे. रमाबाईंची 1907 ची साक्ष आधी सगळ्यांना वाचायला द्या, ती लहानशीच आहे. वर्गाच्या दिवशी पाळकांना आणि पंच कमिटीला पहिल्या रांगेत विद्यार्थी म्हणून बसवा. अपुल्लोसाचा धडा घ्यायला तरुण संघातल्या मुलीला उभं करा. आणि तिनं मध्येच काही विचारलं, तर आधी उत्तर द्या.